बायकोला दहापैकी सहा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलचं 'शेजार' मराठी मंडळ म्हणजे म्हटलं तर मंडळ आणि म्हटलं तर एक लहानसा देश. त्याला अध्यक्ष आहे, घटना आहे, विरोधी पक्ष आहे आणि स्वातंत्र्यलढ्याचा इतिहासही आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या जेवणात मसालेभात असावा की जिरा राइस, या प्रश्नावरून चाळीसेक कुटुंबं मोठ्या मंडळातून ताटावरून उठली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तेव्हापासून दोन्ही राष्ट्रांचे संबंध तणावाचे आहेत. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात दोन्हीकडचे अध्यक्ष समोरासमोर आले, तर दोघंही कढीपत्त्याकडे बघतात.

त्यामुळे न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून 'सातासमुद्रापार गीतस्पर्धे'चं आमंत्रण आलं, तेव्हा शेजारमध्ये आनंदाची लाट उसळली. दुबई, लंडन, टोरांटो, सिडनी, सगळीकडची मंडळं येणार होती आणि प्रत्येक मंडळाला एका देशाचा दर्जा होता. एका देशाचं एकच गाणं, शब्द नवे, चाल नवी. मोठ्या मंडळाला एक गाणं आणि शेजारलाही एकच. इतका न्याय शेजारला आजवर कुणी दिला नव्हता.

आता गाणं निवडायचं कसं? हे काम गिरीश टेंबे याच्याकडे आलं, किंवा खरं सांगायचं तर त्याने ते कुणाच्या हाती लागू दिलं नाही. गिरीश एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचा मॅनेजर होता. दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा त्याला पगार मिळे आणि शनिवार-रविवारी तो हेच काम हौसेने फुकट करी. त्याने नियमावली लिहून काढली. चार परीक्षक, प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण, आणि शेवटी प्रत्येक परीक्षकाने कुणाला किती दिले ते नावासकट पडद्यावर दाखवायचं.

"अरे, नावासकट कशाला?" मंडळाच्या अध्यक्ष सरलाकाकू म्हणाल्या. मुलाकडे राहायला येऊन काकूंना बरीच वर्षं झाली होती आणि माणसं कशी सांभाळावीत हे त्यांना घटनेपेक्षा चांगलं कळत होतं. "नुसती बेरीज दाखव की."

"काकू, ट्रान्सपरन्सी नको? उद्या कुणी म्हणायला नको की आतून काहीतरी झालं."

"बरं बाबा," काकू म्हणाल्या. पोर गरम कढईला हात लावणारच असं दिसलं की बायका जसं म्हणतात, तसं.

नियमावली मंजूर झाली आणि त्याच आठवड्यात गिरीशच्या बायकोने, विनीताने, स्पर्धेला नाव दिलं.

विनीता गायची. लग्नाआधी पुण्यात ती रीतसर शिकलेली होती. इकडे आली ती नोकरीची परवानगी नसलेल्या व्हिसावर. पहिली कित्येक वर्षं तिचं गाणं भांड्यांच्या आणि लेकीच्या, इलाच्या, अंगाईच्या वाट्याला गेलं. पुढे एका लॅबमध्ये नोकरी लागली आणि गाणं गाडीत गेलं. गेलं वर्षभर ऑफिसच्या वाटेवर, सिग्नलला थांबली की फोनवर ओळ रेकॉर्ड करून, तिने एक गाणं रचलं होतं. ते तिने घरात कुणाला ऐकवलं नव्हतं. "घड्याळांबद्दल आहे," एवढंच ती गिरीशला म्हणाली. "तिथेच ऐक. मला तुझा चेहरा बघायचाय."

ही ओळ गिरीशने नीट ऐकायला हवी होती. पण त्याच्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती: लोक काय म्हणतील!

त्याने परीक्षकपदाचा राजीनामा दिला. काकूंनी तो परत केला. "अरे, दुसरा आणू कुठून? आपल्याकडे जो गात नाही, तो गाणाऱ्याचा नवरा, नाहीतर सासरा, नाहीतर भाडेकरू आहे." मोठ्या मंडळातून परीक्षक मागवणं हा देशद्रोह झाला असता. गिरीशच्या बाजूच्या घरात राहणारा कृष्णा हा तेलुगू माणूस तयार होता. "मराठी नहीं आता, बट आय कॅन जज द फीलिंग," तो म्हणाला. फीलिंगवर निकाल लागण्याची समितीला इतकी भीती वाटली, की त्याचं नाव मागे पडलं.

मग जागेचं प्रकरण. कॉलनीच्या क्लबहाउसचा अर्ज भरताना गिरीशने 'कार्यक्रमाचं स्वरूप' या रकान्यात 'नॅशनल सिलेक्शन' असं लिहिलं. तिथल्या बाईंनी चष्मा खाली करून विचारलं, "विच नेशन?" गिरीश जरा घुटमळला आणि म्हणाला, "अ स्मॉल वन." बाईंनी सहानुभूतीने मान हलवली, पण विम्याचा कागद मागायचा तो मागितलाच. शिवाय जूनमध्ये स्विमिंग पूल चालू असतो, बाहेर मुलांचे पोहण्याचे क्लास असतात, म्हणून स्पीकर लावायचा नाही आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या, अशी अट घातली.

या सगळ्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. चार परीक्षकांपैकी एक नरेंद्र. नागपूरचा, गिरीशच्याच कंपनीतला आणि कुणाचीही भीड न ठेवणारा. तो म्हणाला, "काय बे, तुले घरी जेवायचं आहे ना? मग बायकोले दहा दे अन् मोकळा हो." दुसरी परीक्षक आश्लेषा म्हणाली, "नऊ दे. दहा डोळ्यावर येतात." केस कापणाऱ्या बाईने कुणी न विचारता सांगितलं की तिने अशाच एका कारणावरून घटस्फोट घेतला होता. पण सगळ्यात खोल गेला तो पुण्याहून व्हिडिओवर आलेला आईचा सल्ला. "तुझ्या बाबांनी सख्ख्या पुतण्याला चित्रकलेत नापास केलं होतं," आई म्हणाली. "म्हणून तर अजून लोक हेडमास्तर टेंबे म्हटलं की उभे राहतात." तो पुतण्या पुढे त्यांच्याशी कधी बोलला नाही, हा भाग आईने नेहमीप्रमाणे गाळला.

निवडीच्या दिवशी सकाळी दाढी करता करता गिरीशने न्याय करून टाकला. दहा म्हणजे बेशरमपणा. आठ म्हणजे पक्षपात. पाच दिले तर घरात काही बिनसलंय अशी चर्चा. सहा! सहा हा कसा भारदस्त, विचारी, न्यायमूर्तींना शोभणारा आकडा आहे. मग त्याने आरशात पाहून निःपक्षपाती चेहऱ्याचा सरावही केला. ओठ जरा मिटलेले, भुवया सपाट, नजर गाणाऱ्याच्या कानाच्या किंचित वर.

क्लबहाउस भरलं होतं. पहिलं गाणं संजीव दात्यांचं. संजीव रिअल इस्टेट एजंट. हॉलमधल्या निम्म्या लोकांना घरं त्यांनीच मिळवून दिली होती. 'या, बसा, बघा हे अंगण, पूर्वेकडे हे दार' असं त्यांचं गाणं होतं. ऐकता ऐकता दोघा-तिघांनी नकळत मागे वळून किचनकडे पाहिलं. दुसरा शिव. इथेच जन्मलेला, फिजिकल थेरपिस्ट, मराठी शब्द चावून नव्हे तर चुंबून बोलणारा. त्याने 'आजी, तुझा पासवर्ड काय' हे रॅप म्हटलं. मधल्या जागा बाहेरच्या लाइफगार्डच्या शिट्टीने भरून निघाल्या आणि त्या लोकांना अधिक आवडल्या.

मग विनीता उभी राहिली. तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

गिरीशने चेहरा लावला. तो चेहरा टिकवणं हे फार कष्टाचं काम निघालं. भुवया सपाट ठेवाव्यात तर ओठ सुटत, ओठ मिटावेत तर नजर कानावरून डोळ्यांवर घसरे. त्यातच कधीतरी हॉल एकदम शांत झाला. शिट्टीसुद्धा थांबली. मग शेवटच्या कडव्याच्या सुमारास सगळा हॉल वळून त्याच्याकडे बघायला लागला. काहीजण हसत होते, आश्लेषाने तर डोळ्याला रुमाल लावला होता. विनीताही डोळे उघडून थेट त्याच्याकडे बघत होती. 'हं! बघतायत, हा माणूस विरघळतो का ते,' गिरीश मनात म्हणाला आणि त्याने चेहरा आणखी आवळला. टाळ्या थांबेनात. त्याने फोनवर शांतपणे सहा दाबले.

निकाल. गिरीशने स्वतःच बनवलेला तक्ता पडद्यावर आला. वर परीक्षकांची नावं, बाजूला गाणी. पहिलं नाव सरलाकाकू. तिन्ही गाण्यांना दहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नरेंद्र. तिन्ही गाण्यांना दहा. मग आश्लेषा. तिन्हींना दहा. टाळ्या आता जरा कमी झाल्या, कारण उरलेलं नाव एकच होतं.

 गिरीश लॅपटॉपकडे झेपावला, पण ट्रान्सपरन्सी आपोआप होईल अशी व्यवस्था त्याने स्वतःच केली होती. संजीव, आठ. शिव, सात. विनीता, सहा.

बाहेर स्विमिंग पुलात कुणीतरी उडी मारलेली सगळ्या क्लबहाउसला ऐकू आली.

"म्हणजे... निकाल गिरीशनेच लावला," कुणीतरी हळूच म्हणालं.

"तुम्ही सगळ्यांना दहा कसे दिलेत?" गिरीशने काकूंना विचारलं. 

"अरे, गणपतीत सगळ्यांची तोंडं बघायची असतात," काकू म्हणाल्या.

"संजीवदादा आमचं घर विकतायत पुढच्या महिन्यात," आश्लेषा जमिनीकडे बघत म्हणाली.

"अन् शिव माझ्या पोरीले मॅथ शिकवते," नरेंद्र म्हणाला. "शिवाय आम्ही म्हटलं, तू आहेस ना. तू असताना आम्ही काहून वाईट व्हायचं? पण आम्हाले काय माहीत, तू घरापासूनच सुरुवात करशील!"

संजीव बिचारे कपाळावरचा घाम पुसत होते. "टेंबे, मी परीक्षक असतो तरी हिला दहा दिले असते हो," ते म्हणाले आणि खरंच लाजले. विजेत्याला इतकं ओशाळलेलं शेजारच्या इतिहासात कुणी पाहिलं नव्हतं.

आणि गिरीशने काय करावं? गोंधळलेला माणूस सवयीचं काम करतो. तोंड लपवायला त्याने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं आणि नियमाप्रमाणे जागच्या जागी संजीवच्या गाण्याची नोंद पिस्कॅटवेला पाठवून दिली. देशाची निवड झाली.

 घरी जाताना गाडीत मागच्या सीटवरून इला म्हणाली, "बाबा, दॅट वॉज सो नॉट ओके." ती सोळा वर्षांची होती आणि एरवी बापाच्या कुठल्याही गोष्टीवर मत द्यायची तिला गरज वाटत नसे.

घरी आल्यावर विनीता डिशवॉशर रिकामा करायला लागली. गिरीश ओट्यापाशी उभा राहिला.

"अगं, गाणं चांगलंच होतं. पण लोक म्हणाले असते..."

"लोकांनी दहा दिले, गिरीश."

"हो, पण मला काय माहीत..."

"कुठली ओळ आवडली नाही, सांग. मी बदलते."

 गिरीशला एकही ओळ सांगता येईना. चांगली नाही आणि वाईटही नाही. तो पहिल्या रांगेत बसला होता, गाणं त्याच्यापासून हातभरावर झालं होतं, आणि त्याने ते ऐकलंच नव्हतं. विनीता ताट हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. हे तिच्या लक्षात येताना त्याला दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरोखर लाज वाटली. एरवी वाटते ती नव्हे, चारचौघांत चेन उघडी राहिल्याची. ही आतली होती.

"एकदा म्हणून दाखव ना," तो म्हणाला.

"परीक्षकांसमोर एकदाच म्हणायचं असतं. तुझाच नियम आहे," ती म्हणाली आणि चमचे खणात लावू लागली.

दुसऱ्या दिवशी गिरीशने पिस्कॅटवेला ईमेल केलं की आमच्या देशाला निवड बदलायची आहे. उत्तर आलं, 'जय महाराष्ट्र.' त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा 'जय महाराष्ट्र.' शेवटी फोनवर राज नावाचे आयोजक मिळाले. "असं दर आठवड्याला मत बदललं तर देश चालतील कसे?" ते म्हणाले. "आणि तुमच्या परीक्षकांचे मार्क मी बघितले. तीन जणांचा काही उपयोग नाही, पण एक माणूस फार काटेकोर दिसतो. कोण हो तो?" गिरीशने फोन ठेवला.

पुढे संजीवने कोरस बांधायचं ठरवलं आणि पहिल्यांदा विनीताला बोलावलं. ती हो म्हणाली. तिचा राग तसा शांत होता. जेवण वेळेवर, बोलणं कामापुरतं आणि 'प्लीज' जरा जास्त. तालमी टेंब्यांकडेच व्हायच्या, कारण नको म्हणायचं गिरीशला तोंड नव्हतं. तो सगळ्यांना चहा करून द्यायचा, समोसे आणायचा आणि तालीम सुरू झाली की गॅरेजमध्ये जाऊन आधीच लावलेलं सामान पुन्हा लावायचा. संजीवचं 'या, बसा' संपलं की आत हसणं ऐकू यायचं आणि मग दुसरीच कुठलीतरी चाल सुरू व्हायची. ती कुठली, हे त्याला कळायचं. भिंतीतून चाल तेवढी यायची, शब्द यायचे नाहीत. आत जाऊन दारात उभं राहायचं त्याला अनेकदा वाटलं. पण तो आला की सगळे गप्प होतील, याची त्याला खात्री होती. नरेंद्र मंडळात त्याला आता 'सहासाहेब' म्हणत होता आणि इंडियन ग्रोसरीत मोठ्या मंडळाचे अध्यक्ष कढीपत्ता सोडून त्याच्याकडे बघायला लागले होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी स्पर्धा झाली. भाड्याच्या मोठ्या व्हॅनमधून सगळे पिस्कॅटवेला गेले. ड्रायव्हर अर्थातच गिरीश. संजीव जीव ओतून गायले. कोरस सुरेल होता. एका परीक्षकाने शेरा मारला की हे गाणं ऐकून घर घ्यावंसं वाटतं. शेजार शेवटून दुसरं आलं. शेवटचं आलं ते मोठं मंडळ, त्यामुळे राष्ट्रीय अस्मिता अगदीच बुडाली नाही.

रविवारी सकाळी परत निघाले. व्हॅनमध्ये कुणी निकालाबद्दल बोलत नव्हतं, आणि ते सगळे नेमकं काय बोलत नाहीत हे गिरीशला ऐकू येत होतं.

व्हर्जिनिया लागलं तेव्हा पुढे बसलेल्या सरलाकाकू म्हणाल्या, "हे घड्याळ तासभर पुढे कसं?"

"आज पहाटे सगळ्यांनी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतली ना, काकू," शिव मागून म्हणाला. "व्हॅनला कुणी सांगितलं नाही."

काकू हसल्या आणि आपल्याशीच गुणगुणायला लागल्या. आश्लेषाने सूर धरला. मग संजीवने. मग सगळी व्हॅन गायला लागली:

'भिंतीवरती दोन घड्याळं, एक निजतं, एक उठतं,
आईच्या तिकडच्या पहाटेला माझं इकडचं दार मिटतं...'

गिरीशच्या हातात स्टिअरिंग होतं आणि कान मागे. सगळ्यांना पाठ होतं. संजीवना येत होतं, नरेंद्रला येत होतं, मराठीत एक सबंध वाक्य न बोलणाऱ्या इलालाही येत होतं.

"गिरीशकाका, कम ऑन! तुम्ही का गात नाही?" शिवने विचारलं.

गिरीश काही बोलायच्या आत मागून विनीता म्हणाली, "त्याला नाही येत. तो त्या दिवशी परीक्षक होता."

 काकूंनी घाईघाईने शेवटचं कडवं सुरू केलं:

'वर्षातून दोनदा चढतो कुणी खुर्चीवर, काटे फिरवतो,
त्याला वाटतं घड्याळ लावलं, तो तर मला सावरतो.'

आता गिरीशला कळलं, जूनमध्ये सगळा हॉल वळून त्याच्याकडे का बघत होता. विनीताने डोळे का उघडले होते. आणि तिने त्या वेळी काय बघितलं असेल, हेही कळलं. ओठ मिटलेले, भुवया सपाट, नजर कानाच्या वर. त्याला समोरचा रस्ता नीट दिसेना. पुढच्या एक्झिटला त्याने गाडी बाहेर घेतली, पेट्रोल पंपावर उभी केली आणि पेट्रोल भरपूर असताना खाली उतरून भरत राहिला. नरेंद्र त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याने बुटांसकट स्वयंपाकघरात जाऊन खुर्ची ओढली. भिंतीवर दोन घड्याळं होती, एक पुण्याचं, एक इथलं. इथलं तासभर पुढे चाललं होतं. पुण्याच्या घड्याळाला कधी काही करावं लागत नसे. त्याने चढून इथलं काढलं आणि काटा मागे फिरवला. विनीता दारात येऊन बघत होती.

"मी ऐकलं नव्हतं गं," तो वरूनच म्हणाला. "आधीच ठरवून आलो होतो सहा. दाढी करताना. गाणं ऐकलंच नाही."

"माहीत आहे."

तो घड्याळ हातात धरून उभा राहिला. 

"झालं का लावून?" तिने विचारलं.

"हो. एक तास मागे घेतला."

"अजून घे."

"किती?"

"जूनपर्यंत," विनीता म्हणाली आणि पुढे येऊन, खुर्ची हलू नये म्हणून, नेहमीसारखी तिची पाठ धरून उभी राहिली.